पाण्यावर थांबता येत नाही

मी एक गाडी बोलतेय. रिमोटवर चालणारी, खेळण्यातली, लाल रंगाची. निदान एके काळी लाल होते. आता ऊन आणि खाऱ्या पाण्याने मी पार विटले आहे आणि अंगाला सुक्या बोंबलाचा वास येतो. नाक मुरडू नका. हा वास मी कमावलाय.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतो तो बोर्डीचा किनारा. मुंबईहून सुट्टीला आलेल्या एका मुलाने मला ओल्या वाळूत रुतवलं, वैतागला आणि रिमोटसकट तिथल्या रिसॉर्टवरच टाकून गेला. माणसांचं हे मला कधी कळलं नाही. हट्ट करून आणतात आणि रुसून टाकतात. त्या रिसॉर्टवरचे दिवे आणि पंप सांभाळणाऱ्या प्रगतीने मालकांना विचारून मला उचललं आणि धाकटी डहाणूला आपल्या घरी नेलं. खेळायला नव्हे, वडिलांसाठी.

तिचे वडील म्हणजे बाबल्या तांडेल. तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या; मासेमारीची अख्खी बोट त्यांच्या शब्दावर चालायची. दिवाळीनंतर त्यांना लकव्याचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. आता बोट त्यांच्याशिवाय समुद्रात जायची आणि ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. बायको संगीता घास भरवायला बसली की डोळे मिटून घ्यायचे. लाज वाटायची त्यांना. दवाखान्यातून व्यायामासाठी रबरी बॉल दिला होता, तो त्यांनी डाव्या हाताने खाडीत भिरकावला. डॉक्टरीणबाईंनी तर बजावलं होतं, हाताला आत्ताच काम द्या, नाहीतर तो असाच राहील.

माझ्या रिमोटला पिस्तुलासारखा घोडा आहे. तो बोटाने दाबून धरला की मी धावते. बॉल नाही तर हा, असं प्रगतीच्या मनात होतं.

"मी काय लेकरू हाय?" अंगणात मला जेमतेम तुळशीपर्यंत पळवून त्यांनी रिमोट खाली टाकला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण प्रगतीही त्यांचीच मुलगी. बाबा जमिनीकडे बघत नाहीत, पाण्याकडे बघतील, हे तिने ओळखलं. जुन्या ट्यूबची पाती कापून तिने माझ्या चाकांना चिकटवली. पोटातल्या नाजूक वायरी फुग्यात घालून त्याचं तोंड बांधलं. डहाणूत फुग्यांचे कारखानेच आहेत, फुग्यांना काय तोटा? मागे बारीक नायलॉनची दोरी बांधली, बुडले तर ओढून काढायला. अशी चाकं जोरात फिरली की गाडी पाण्यावरून पळते, हे तिने मोबाइलवर पाहिलं होतं.

ओहोटीला खाडी मागे सरली की त्यांच्या घरापुढे एक लांबट तळं उरतं. पलीकडे बोंबील वाळवायच्या बांबूच्या वलांडी. प्रगतीने बाबांना धरून आणलं, माशांच्या पालथ्या क्रेटवर बसवलं आणि मला पाण्यात सोडलं. काय सांगू! चाकांखाली पाणी रस्त्यासारखं कडक झालं. मी धावत होते, खरंच धावत होते! आणि ऐन मध्यावर प्रगतीने रिमोटचा घोडा सोडला, वेग गेला. मी गटांगळी खाऊन तळाशी.

"अगं, सोडलंस कशाला?" तांडेल ओरडले.

"बुडेल म्हणून भीती वाटली, बाबा."

"भ्यालीस म्हनून सोडलंस, नि सोडलंस म्हनून बुडली! खाडीच्या तोंडाला लाट फुटते तिथं मशीन कमी करतात काय? आन इकडं."

बोंबील उलटवणाऱ्या संगीताचा हात जागीच थांबला. दिवाळीपासून ते इतकं बोलले नव्हते.

त्या दिवसापासून ते मला रोज बुडवू लागले. उजव्या हाताचं बोट थकायचं, घोडा सुटायचा, मी तळाला. मग प्रगती मला ओढून काढायची, गोड्या पाण्याने धुवायची आणि वलांडीवर उलटी टांगायची. शेजारचे बोंबील वाळले की बाजारात जायचे, मी वाळले की पुन्हा पाण्यात. चिडायचे मी. पण रोज थोडी पुढे जाऊन बुडतेय, हे मलाही कळत होतं.

आणि एके दिवशी तांडेलांनी सोडलं नाही. मध्य गेला, पलीकडचा चिखल आला, मी काठावर चढले आणि तशीच सुसाट सुटले. सरळ वलांडीच्या खांबावर! बांबू कोसळला आणि माझ्यावर बोंबलांचा पाऊस पडला.

"अवो, सोडा! माझे बोंबील!"

"सुटत नाय गं," तांडेल हळूच म्हणाले.

मूठ वळली होती ती उघडेना. संगीता त्यांच्यापुढे बसली आणि एकेक बोट सोडवू लागली. तोंडाने बोंबलांसाठी ओरडत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "धरता आलं ना? सोडताही येईल," ती म्हणाली.

खाऱ्या पाण्याने अखेर माझी मोटर खाल्ली. आता मी खिडकीतल्या फळीवर असते. पण तांडेल रोज संध्याकाळी रिमोट हातात घेतात. घोडा दाबला की माझा दिवा लागतो, सोडला की विझतो. आजवर तो लागलेलाच राहायचा, संगीता येऊन बोटं उघडेपर्यंत.

काल तो आपला आपण विझला.

स्वयंपाकघरातून संगीता आली. तिने त्यांचा उघडा तळवा पाहिला. त्यांच्यापुढे ताट ठेवलं, आणि रोजच्यासारखी भरवायला न बसता स्वतःचं ताट घेऊन समोर जेवायला बसली. त्यांच्या उजव्या हातातला पहिला घास मांडीवर पडला, दुसराही पडला. ती मान खाली घालून जेवत राहिली. मग एक घास तोंडापर्यंत पोहोचला.

प्रगती, नवी मोटर नाही टाकलीस तरी चालेल. माझी बॅटरी तेवढी चार्ज करत जा. बाबांना अजून जाळं टाकायचंय, आणि जाळं नुसतं धरून चालत नाही.