आत उघडणारं दार

शहाण्णवच्या दसऱ्याआधी मोहनराव साहेब नकाशांची गुंडाळी घेऊन लासुर्ण्याजवळच्या आमच्या वर्कशॉपात आले. अंतराळात माणसं नेणारी कुपी त्यांनी कागदावर आखली होती. आम्ही तिचा पोलादी नमुना बनवायचा, आत माणूस बसवून हवा भरायची आणि ती टिकते का ते बघायचं. वेल्डिंग माझ्याकडे होतं, फिटिंग बाबूलालकडे.

दार आत उघडणारं होतं. मी म्हणालो, "साहेब, आमच्या वडलांच्या मेंढवाड्याचं दार बाहेर उघडायचं. लांडगा आला की मेंढरं दारावर लोटत्यात. दार आत उघडणारं असलं तर मग ते हलत न्हाय."

"तात्या, वर गेल्यावर बाहेर हवाच नसते. आतली हवा दाराला दाबून धरते. म्हणूनच ते आत उघडायचं."

"अन् पटकन बाहेर पडायचं झालं तर?"

"आधी हवा सोडायची." त्यांनी दारावरची झडप दाखवली. आतून दांडा ओढला की ती बाहेरच्या बाजूला उचलली जायची.

शिकलेल्या माणसापुढे किती बोलणार?

दसऱ्याला यंत्रांबरोबर कुपीचीही पूजा झाली. झेंडूचा हार घसरत होता, म्हणून मी तो बारीक तारेनं झडपेला बांधला. दोन दिवसांनी चाचणीच्या सकाळी साहेब म्हणाले, हार काढा. मी फुलं ओढून काढली.

आत शिरताना बाबूलाल म्हणाला, "घरी चाँदबीला सांगा, मी जेवायला आलो न्हाय तर माझी भाकरी तात्याला द्या. दारावरनं लई डोकं खाल्लंय त्यांनी, भूक लागली आसंल."

दार लागलं. कॉम्प्रेसर सुरू झाला. काटा खुणेपर्यंत चढला आणि तेवढ्यात जळक्या तेलाचा वास आला. साहेबांनी कॉम्प्रेसर बंद केला, पण तोवर धूर नळीतून आत गेला होता.

छोट्या काचेतून बाबूलाल खोकताना दिसला. त्यानं दांडा ओढला. काटा हलला नाही. त्यानं दोन्ही हातांनी ओढला, मग दाराची मूठ धरून पाय रोवले. दार जागचं हललं नाही. बाहेरून साहेब, मी अन् हाताखालचा पोरगा, आम्ही तिघांनी पहार लावून रेटलं. कुपी हादरली, दार तसंच राहिलं.

"गॅस कटर आणतो," मी म्हणालो.

"नको," साहेब म्हणाले. "आत तेलाचा धूर आहे. ठिणगी पडली तर माणूस जाईल."

बाबूलाल आतून पान्यानं ठोकत होता. आधी भराभर, मग थांबून थांबून. काचेवर त्याचा तळवा टेकला आणि खाली घसरला.

मी वर झडपेकडे पाहिलं. तिच्या सांध्यात झेंडूची एक वाळलेली पाकळी अडकली होती. पाकळीखाली तार होती. पोलादाच्याच रंगाची, म्हणून कुणाला दिसली नव्हती.

पक्कड हातातून दोनदा निसटली. तिसऱ्यांदा तार तुटली. झडप उडाली, हवा शिट्टी मारत सुटली, तोंडावर काळा धूर आला. काटा उतरेपर्यंत आम्ही नुसते उभे होतो. मग दार आत सरकलं आणि बाबूलालला आम्ही काखेत हात घालून ओढून काढलं.

बऱ्याच वेळानं तो पाणी प्याला. "तात्या," तो म्हणाला, "भाकरी न्हाय मिळायची तुमाला."

साहेब वहीत लिहीत होते, झडप अडकली म्हणून. तार माझ्या मुठीत होती. कुणी पाहिली नव्हती.

मी मूठ उघडली. "ही माझी हाय, साहेब. दसऱ्याची."

बाबूलालनं तारेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

साहेबांनी वही मिटली. "तार तुमची, तात्या. पण दार माझं." त्यांनी तिथंच जमिनीवर नकाशा पसरला आणि दाराच्या रेघेवर फुली मारली.

पौषात नवं दार बसलं, बाहेर उघडणारं, झटक्यात सुटणाऱ्या कड्यांचं. आत कोण बसणार, असं साहेबांनी विचारलं. कुणी काही म्हणायच्या आत मी चप्पल काढली.

बाबूलालनं दाराच्या चारी कडांवरून, मग झडपेवरून बोट फिरवलं. मी आत बसलो. हवा भरत होती तोवर तो काचेबाहेर उभा होता, हातात पक्कड घेऊन.