कारण नोंदलेले नाही

"माश्या-मोंगसे घेऊन जा गे मारबत! खासी-खोकला घेऊन जा गे मारबत!"

पोळ्याला दाराशी उभा केलेला पळसाच्या फांदीचा मेढा सिंधूताईंनी उचलला आणि कोपऱ्यावर साऱ्या आळीच्या मेढ्यांच्या ढिगावर नेऊन टाकला. भिवापूर सोडून नागपुरात आल्याला जन्म लोटला, पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची कर आली की त्यांच्यातली खेड्यातली बाई जागी होई. परत येताना त्यांना सून दिसली, पायात चपला सरकवत असलेली.

"थांब वं. तुह्यं राहिलंच." त्या पुन्हा ढिगाकडे वळल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आमच्या मिनलच्या हापिसातली मशीन घेऊन जा गे मारबत!"

शेजारची प्रीती गॅलरीतून हसली. मिनलही हसली. पण आत कुठंतरी तिला वाटलं, नेली तर बरंच होईल.

मिनल एका औषध वितरण कंपनीत ऑपरेशन्स रिसर्च ॲनालिस्ट होती. लग्न झालं तेव्हा सिंधूताईंनी यातला पहिलाच शब्द तेवढा ऐकला आणि सून ऑपरेशन करते असं सगळ्या सक्करदऱ्यात सांगून ठेवलं. पुढे कितीतरी दिवस बाया तिला पोटातल्या गाठी दाखवायला येत. खरं काम गणिताचं. गोदामातून कोणती गाडी कधी सोडायची, कोणत्या रस्त्यानं, आधी कोणत्या दुकानात आणि मग कोणत्या दवाखान्यात, म्हणजे कमी गाड्यांत सगळीकडे माल वेळेवर पोचेल. हे ती रोज मांडायची आणि मनापासून मांडायची. एखादा रस्ता नीट बसला की दिवसभर तिचं चित्त प्रसन्न असे.

उन्हाळ्यात कंपनीनं एआयवाली प्रणाली आणली. आराखडा ती करणार, मिनलनं फक्त तपासायचा आणि चुकलं तिथं दुरुस्त करायचं. सुरुवातीला रोज चुका निघत. मिनल त्या दुरुस्त करी, आणि दुरुस्त केलेली चूक पुन्हा कधी होत नसे. मग चुका कमी झाल्या. गेले काही दिवस ती सकाळी दुसऱ्या दिवसाचा आराखडा उघडायची, वरून खालपर्यंत वाचायची आणि बंद करायची. प्रणालीच्या चाचणीची मुदत आज संपत होती. विश्वनाथ साहेब म्हणाले होते, "शेवटपर्यंत तपासायची गरज पडली, तर तुमची जागा तशीच ठेवा असं मी वर सांगू शकेन."

म्हणून यंदा मिनल गप्प बसली होती.

करीच्या दिवशी नागपुरात काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. सोबत बडग्यांचे पुतळे, ढोल आणि अर्धं शहर. इतवारीत पाय ठेवायला जागा नसते, गाडीचं तर नावच नको. दरवर्षी मिनल इतवारीच्या गाड्या उजाडायच्या आत सोडत असे. प्रणालीच्या सुट्ट्यांमध्ये पोळा होता, कर नव्हती. मिनलला ते दिसलं होतं. तिनं काही भरलं नाही, आणि आदल्या दिवशी आजचा आराखडा उघडूनही पाहिला नाही. न पाहिलेल्या चुकीचा दोष आपल्याला लागत नाही, अशी तिनं मनाची समजूत घातली.

इतवारीतली एक गाडी भैयाजी चालवत. गाडीत बर्फाच्या डब्यात इन्सुलिन. म्हातारा माणूस ढोलांच्या गर्दीत अडकणार, बर्फ विरघळणार, हे तिला कळत होतं. तिला स्वतःची लाज वाटत होती आणि तरीही ती चूक होण्याची वाट पाहत होती.

ऑफिसात पोचल्या पोचल्या तिनं भैयाजींना फोन लावला.

"कुठं आहात, भैयाजी?"

"कामठी रोडवर, ताई. चाय पिऊन राहिलो."

"इतवारीतला माल?"

"तो तर केव्हाचाच टाकला ना. अंधारातच धाडलं मले. आज मारबत हाये म्हणून तुम्हीच बसवलं असन, दरसालसारखं." ते हसले. "मी पोराले म्हटलं बी, ताई हाये तवरक आपल्याले काही टेन्शन नाही. काहून वं ताई, काही चुकलं काय?"

"नाही," मिनल म्हणाली. "काही चुकलं नाही."

विश्वनाथ साहेब मागे उभे होते. ते नाशिकचे, गेल्या दिवाळीनंतर आलेले. "इतवारीच्या गाड्या आज इतक्या लवकर का सुटल्या? तुम्ही सांगितलं होतं का?"

"नाही."

त्यांनी तिच्या खुर्चीमागून वाकून प्रणालीला विचारलं. उत्तर शुद्ध मराठीत आलं. मागील सर्व वर्षांच्या आराखड्यांत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीच्या गाड्या पहाटे सोडलेल्या आढळतात. त्यानुसार नियोजन केले आहे. कारण नोंदलेले नाही.

मिनल ते वाचत राहिली. तिचे जुने आराखडे तिनंच प्रणालीत चढवले होते, उन्हाळ्यात, एसी बंद असताना, घाम पुसत पुसत.

"कमाल आहे," साहेब म्हणाले. "काय असतं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी?"

तिनं त्यांना मारबत समजावून सांगितली. दोन पुतळे, वाईट ते सगळं त्यांच्यासोबत धाडायचं, शेवटी जाळून टाकायचं. साहेबांनी लक्ष देऊन ऐकलं. माणूस वाईट नव्हता, म्हणून त्यांना पुढचं बोलायला वेळ लागला.

"जागा ठेवा असं मी वर कोणत्या तोंडानं सांगू आता, मॅडम? तुम्हीच सांगा." मग समजुतीच्या सुरात, "तसं पाहिलं तर हे तुमचंच काम आहे. तुम्हीच करताय असं समजा."

तिला भयंकर राग आला. पण रागवायचं कोणावर हे कळेना.

"जाण्याआधी ते कारण तेवढं भरून द्याल?" साहेबांनी विचारलं.

तिनं रकाना उघडला आणि लिहिलं, मारबत. प्रणालीनं आभार मानले.

दुपारी टेबल आवरून ती घरी निघाली तेव्हा मिरवणूक संपली होती. रस्ताभर गुलाल, तुटलेल्या चपला, कागदाच्या पिपाण्या. दारात सिंधूताई वाटच पाहत होत्या. सून इतक्या लवकर आलेली पाहून त्यांचा चेहरा फुलला.

"काय वं, लवकर आली? नेली काय मारबतीनं मशीन?"

मिनलनं चपला काढल्या. मेढ्याच्या जागी दाराशी थोडी माती सांडलेली होती.

"नेलं, आई."

"पाह्य, मी म्हटलं नव्हतं?" सिंधूताई गॅलरीकडे मान वर करून ओरडल्या, "प्रीती, आमच्या मिनलची मशीन गेली वं!" आणि करंज्यांचा डबा काढायला लगबगीनं आत गेल्या.

मिनलनं पिशवीतून न उघडलेला टिफिन काढला. मग कोपऱ्यातला झाडू घेऊन दाराशी सांडलेली माती ती हळूहळू गोळा करू लागली.