हातावरून निवडलेला संघ

कप्तान संघ निवडायचा तो हातावरून. निवडीआधी तो प्रत्येक खेळाडूशी हात मिळवी, दोन-तीन सेकंद जास्त धरून ठेवी आणि मग सोडून देई. कोण रात्रभर जागलाय, कोण घाबरलाय, कुणाचं बोट दुखतंय पण तो सांगत नाही, हे सगळं आपल्याला तेवढ्या वेळात कळतं असं त्याचं म्हणणं होतं. देशाच्या संघाचं नेतृत्व त्याने सात वर्षं केलं तेव्हा ही पद्धत होती. आता त्रेसष्टाव्या वर्षी तो पन्नाशी ओलांडलेल्या माजी खेळाडूंचा संघ निवडत होता, तेव्हाही तीच होती. निवड समिती कागदावर तिघांची होती. बाकीचे दोघे मान डोलवायला होते.

या वर्षीची स्पर्धा परगावी होती, तीन दिवसांची. संभाव्य खेळाडू बावीस, जागा चौदा. कडक नियम एकच: वय पन्नास ते साठ. साठ पूर्ण झाली की बाहेर.

डिंकला साठ पूर्ण व्हायला पाच आठवडे होते आणि स्पर्धा तीन आठवड्यांवर आली होती.

डिंक हे नाव त्याला स्लिपमध्ये उभं राहून मिळालं होतं. बॅटची कड घेऊन आलेला चेंडू त्याच्या हाताला लागला की चिकटायचा. पुढे बाटलीही तशीच चिकटली. दोन वर्षांपूर्वी, ऐन सामन्याच्या सकाळी, दोघांनी काखेत धरून त्याला संघाच्या बसमधून उतरवलं होतं. बाकीचे मैदानावर गेले आणि तो पॅव्हेलियनच्या पायऱ्यांवर बसून राहिला. त्यानंतर काही महिने वाया गेले, मग चार महिने व्यसनमुक्ती केंद्र, आणि बाहेर आल्यावर तेरा महिने थेंब नाही. आता त्याला संघात परत यायचं होतं. चषकाचं त्याला काही नव्हतं. क्रिकेटमधलं आपलं शेवटचं दृश्य त्या पायऱ्यांवरचं नको, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

गेल्या वर्षी एकाच सामन्यात चौघांच्या मांडीचे स्नायू धरले होते आणि पाचव्याची पाठ नाणेफेकीचं नाणं उचलताना गेली होती. म्हणून यंदा मंडळाने सगळ्यांना सहा आठवड्यांचा योग सक्तीचा केला. पॅव्हेलियनच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये सकाळी सात वाजता बावीस माजी खेळाडू चटयांवर उभे राहत. भिंतीवर त्यांचेच जुने फोटो होते, केस असलेले.

शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, सडपातळ, मोजकं बोलणाऱ्या. आठवड्यातले तीन दिवस त्या व्यसनमुक्ती केंद्रात शिकवत. डिंकला त्या तिथूनच ओळखत होत्या, पण हॉलमध्ये दोघांनीही ओळख दाखवली नव्हती.

"गुडघा सरळ ठेवा," बाई म्हणाल्या.

"बाई, हा जितका सरळ व्हायचा तितका शस्त्रक्रियेतच झाला," यष्टिरक्षक म्हणाला. त्याला सगळे पोपट म्हणत. स्टंपांमागे त्याचं तोंड पंचवीस वर्षांत बंद झालं नव्हतं.

एका पायावर उभं राहायची वेळ आली की पोपटाचं समालोचन सुरू होई. "पहिला बळी वेगवान गोलंदाजाचा... दुसरा सलामीवीर, हा तर मैदानावरही इतकाच टिकायचा..."

"पोपटराव, श्वास सोडा. शब्द नकोत."

डिंक एका पायावर खांबासारखा उभा राही. पण बाईंनी पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट हेरली होती. कुठल्याही आसनात तो गेला की श्वास रोखून धरायचा.

"तुम्ही कसली वाट बघताय?" त्यांनी विचारलं होतं.

"चेंडूची," तो म्हणाला. गोलंदाज धावत आला की त्याचा श्वास थांबे. चाळीस वर्षांची सवय होती.

"चेंडू यायचा तेव्हा येईल. तुम्ही श्वास सोडा."

गुरुवारी वर्ग संपल्यावर कप्तान हातात यादी घेऊन हॉलच्या दारात उभा राहिला. एकेक जण बाहेर पडताना हात देत होता. डिंकचा हात हातात आला तेव्हा कप्तानाच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. तो हात मात्र हलत होता, मुठीत धरलेल्या पाखरासारखा. कप्तानाने तो नेहमीपेक्षा जास्त वेळ धरला, सोडला आणि "ठीक" म्हणाला.

जिन्याखाली पोपटाने डिंकला गाठलं. "फुली मारली त्याने."

"तू पाहिलीस?"

"मी त्याच्या मागेच होतो. पेन्सिलीने मारली, पण दाबून." पोपट पहिल्यांदाच हळू बोलत होता. "खरं सांग, पुन्हा सुरू केलीस का? मी कुणाला बोलणार नाही."

"तू बोलणार नाहीस?"

"बरं, दोघातिघांनाच बोलेन. पण सांग."

"नाही रे. थेंब नाही."

"मग हात का हलतो?"

उत्तर लांब होतं. त्याच्या हाताला पंचविसाव्या वर्षापासून कंप होता. वडिलांना होता, आजोबांना होता. काही धरायला हात पुढे केला की बोटं थरथरू लागत. एका सामन्याआधी कुणीतरी दिलेले दोन घोट त्याने घेतले आणि हात थांबला. पुढची कथा त्या दोन घोटांतूनच वाढत गेली. केंद्रातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, की हा कंप घराण्याचा आहे, दारूने तो तेवढ्यापुरता दबतो, आणि दारू सोडल्यावर तो दिसणारच. म्हणजे तो प्यायचा तेव्हा हात स्थिर असे, आणि आता शुद्धीवर होता तर हात हलत होता. कप्तानाची परीक्षा त्याच्या बाबतीत नेमकी उलटी लागत आली होती.

"मग सांगून टाका ना त्यांना," घरी बायको म्हणाली. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "डॉक्टरांचा कागद आहे कपाटात."

"कागद दाखवून काय होणार? तो विचारेल, आधी हात कसा हलत नव्हता?"

"मग तेही सांगा."

"ते कसं सांगू? त्या झेलाचं काय?"

तिच्या हातातली घडी थांबली. तो झेल तिलाही पाठ होता. परदेशातल्या शेवटच्या सामन्यात डिंकने जमिनीलगत घेतलेल्या झेलावर मालिका जिंकली होती, आणि गेली तीसेक वर्षं कप्तान प्रत्येक सत्कारात तीच गोष्ट सांगत आला होता. त्या सकाळी मी याचा हात हातात घेतला, तो दगडासारखा होता, तेव्हाच मला कळलं की आज हा सामना आपला. लोक टाळ्या वाजवत. कप्तानाच्या घरच्या दिवाणखान्यात त्याच झेलाचा फोटो होता.

"त्या दिवशी किती घेतली होती?" तिने विचारलं.

"दोन पेग."

"अरे देवा," ती म्हणाली आणि हसू आलं म्हणून तिने टॉवेल तोंडाशी धरला. मग गंभीर होऊन म्हणाली, "त्यांची गोष्ट सांभाळायची म्हणून तुम्ही घरी बसणार का? तेरा महिने तुम्ही थेंबाला शिवला नाहीत ते काय त्या फोटोसाठी?"

शुक्रवारी वर्ग संपल्यावर त्याने बाईंना थांबवलं. "तुम्ही कप्तानाशी बोलाल का? तुमचं तो ऐकेल."

"केंद्रात ऐकलेलं मी बाहेर बोलत नाही. तुम्ही परवानगी दिलीत तरी नाही," चटई गुंडाळत बाई म्हणाल्या. "आणि मी बोलले तर ती शिफारस होईल. तुम्ही बोललात तर ते फक्त खरं असेल."

"कंप जाईल का हो कधी?"

"नाही. तो जाईल असं मी कधी सांगितलंय का? श्वास सोडायला शिकलात तर त्याची भीती जाईल. ती बरीचशी गेलेली दिसते. बोलायची राहिलीये."

शनिवारी तो कप्तानाला सामानाच्या खोलीत भेटला. कप्तान रविवारच्या निवड सामन्यासाठी पॅडच्या जोड्या लावत होता.

"कप्तान, माझा हात हलतो."

"कळलं मला," मान वर न करता कप्तान म्हणाला.

"प्यायल्यामुळे नाही. न प्यायल्यामुळे."

कप्तानाने मान वर केली. डिंकने उभ्यानेच सगळं सांगितलं, आणि डॉक्टरांचा कागद पुढे केला. कागदही हलत होता. कप्तानाने चष्मा लावून तो दोनदा वाचला, पाठची बाजूही पाहिली.

"म्हणजे आधी हात हलत नव्हता तो..."

"घेतलेली असायची म्हणून."

"रोज?"

"सामन्याच्या दिवशी नक्की."

कप्तानाने चष्मा काढला. पुढे तो काय विचारणार हे डिंकला ठाऊक होतं. "त्या शेवटच्या सामन्यात?"

"दोन पेग. न्हाणीघरात. तू हात धरायच्या दहा मिनिटं आधी."

"वास कसा आला नाही मला?"

"लवंग चघळायचो. तूच सगळ्यांना सांगायचास, याला दातदुखी फार."

"दंतवैद्याकडे पाठवलं होतं मी तुला!"

"गेलो होतो. म्हणाला, दात उत्तम आहेत."

"आणि ज्या दौऱ्यावर मी तुला उपकप्तान केलं?"

"तो दौरा राहू दे."

कप्तान पॅडच्या ढिगावर बसला. एक जोडी घसरून पडली ती त्याने उचलली नाही. "म्हणजे इतकी वर्षं मी स्टेजवर उभा राहून..."

"झेल खराच होता, कप्तान. फोटोतही आहे."

"गप बस." मग जरा वेळाने तो म्हणाला, "बाकीच्यांचं तरी बरोबर असेल का रे?"

"असेल. बाकीचे एवढे हुशार नव्हते."

कप्तानाला हसायचं नव्हतं. ते नाकातून निसटलं. त्याने कागदाची घडी घालून परत दिली. "ठीक आहे. पण मग तुला निवडू कशावरून?"

"उद्या सामना आहे ना? खेळावरून निवड."

हा मार्ग कुणी पहिल्यांदाच सुचवल्यासारखं कप्तानाने त्याच्याकडे पाहिलं. "उद्या स्लिपला उभा राहा," तो म्हणाला. "आणि ऐक, दया म्हणून मी कुणाला बसमध्ये चढवत नाही."

रविवारी सकाळी कप्तानाने कुणाशीही हात मिळवला नाही. हात पाठीमागे बांधून तो सीमारेषेवर खुर्ची टाकून बसला. खेळाडूंमध्ये घबराट पसरली.

"संघ आधीच ठरलाय," पोपटाने जाहीर केलं. "बत्तीस वर्षांत असं झालं नव्हतं. आपण सगळे कापले गेलोय."

डिंक पहिल्या स्लिपमध्ये उभा राहिला. चौथ्या षटकात एक झेल त्याच्या छातीच्या उंचीवर आला, शाळेतल्या पोराने घ्यावा असा. गोलंदाज धावत येताना त्याचा श्वास जुन्या सवयीने अडकला होता. चेंडू बोटांत आला, बोटं थरथरली आणि चेंडू गवतावर पडला. कुणी काही बोललं नाही. पोपटही बोलला नाही, आणि तेच जास्त लागलं.

"काहीतरी बोल की," डिंक म्हणाला.

"काय बोलू? डिंक जुना झाला, पाणी घाल?"

"हां, असं बोल."

त्यानंतर गोलंदाज वळला की तो हळूहळू श्वास सोडू लागला. अकराव्या षटकात चेंडू डाव्या बाजूला, घोट्याच्या उंचीवर आला. हात थरथरतच खाली गेले आणि थरथरतच चेंडूभोवती मिटले. तो कोपरावर पडला, उठायला दोघांची मदत लागली, पण चेंडू हातात होता. फलंदाजीत त्याने एकतीस धावा केल्या. पोपटाने त्याला हाक मारून पळायला लावलं आणि मग स्वतःच मागे फिरला, नाहीतर आणखी झाल्या असत्या.

दुपारी पॅव्हेलियनच्या पायरीवर उभं राहून कप्तानाने चौदा नावं वाचली. वाचण्याआधी बाकीच्या दोन सदस्यांनी मान डोलावली. पोपटाचं नाव तिसरं होतं. डिंकचं बारावं. पेन्सिलीची फुली खोडलेली दिसत होती. खोडरबराने कागद थोडा फाटला होता.

कप्तानाने त्याला बाजूला घेतलं. "सहाव्या क्रमांकावर खेळशील. स्लिपला नाही."

"का?"

"दोनातला एक घेतलास. स्लिपला मला दोनातले दोन लागतात. कंप असो, नाहीतर नसो."

डिंकने वाद घालायला तोंड उघडलं, आणि मग लक्षात आलं की माणसाला असंच वगळतात, असंच ठेवतात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कप्तानाने त्याला खेळ बघून जागा दिली होती. "मग कुठे?"

"मिड-ऑफ. जमिनीवरून येतील. अडव आणि फेक."

"जमेल."

"जमवावं लागेल," कप्तान म्हणाला आणि यादी खिशात घालून निघून गेला.

घरी आल्यावर त्याने बातमी सांगितली तेव्हा बायको चहा गाळत होती. तिने एकदम मागे वळून पाहिलं, मग गाळणी ठेवून त्याच्या खांद्यावर दोन थापा मारल्या, जोरात.

"स्लिपलाच ना?"

"नाही. मिड-ऑफला."

"ते कुठे असतं?"

लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. तो टेबलाशी बसला आणि त्याने साखरेचा डबा मध्ये ठेवला. "हा फलंदाज." चहाची किटली समोर सरकवली. "ही गोलंदाज." मग आपला कप बशीसकट उचलला. कप बशीवर वाजत होता, आणि दोघांपैकी कुणीही तिकडे लक्ष दिलं नाही. किटलीच्या अलीकडे, टेबलाच्या कडेपाशी त्याने तो ठेवला. "आणि हा मी."

तिने डबा, किटली आणि कप नीट पाहून घेतले.

"एवढं लांब? एकटेच?" ती म्हणाली. "मग तिथे दिवसभर ऊन लागणार. मोठ्या काठाची टोपी घ्या. उद्याच घेऊ या."

"उद्या सकाळी वर्ग आहे."

"वर्गानंतर," ती म्हणाली आणि आपला कप त्याच्या कपाशेजारी ठेवून बसली.