दोन लिटर जास्तीचं पाणी

गाब्रोवोच्या लोकांच्या चिक्कूपणावर अख्खा बल्गेरिया हसतो आणि गाब्रोवोकरांना त्याचा अभिमान वाटतो. नेव्हेना तर अस्सल तिथलीच. तिनं टूथब्रशची दांडी कापून टाकली होती, जर्किनच्या आतल्या पट्ट्या उसवल्या होत्या, नकाशाच्या चारी कडा कातरल्या होत्या. वेष्टनाचं वजन नको म्हणून हलवासुद्धा पातळ पिशवीत भरला होता. पुढच्या आठवड्यात ती कोम शिखरावरून निघणार होती. सर्बियाच्या सरहद्दीपासून काळ्या समुद्रापर्यंत सगळी स्तारा प्लानिना डोंगररांग, एकटीनं, कुणाची मदत न घेता, आजवरच्या कुठल्याही बाईपेक्षा लवकर.

विक्रम मोडायचा तर फरक फार थोडा राहणार होता. एखादा थांबा लांबला की सगळं मुसळ केरात. म्हणून झोप, खाणं, बुटातला खडा काढणं, सगळ्याचा हिशेब आधी बसवायचा होता. आणि त्यासाठी वेल्कोकाकांच्या ओसरीवर येण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सत्तरी उलटलेले वेल्कोकाका पूर्वी डोंगरातल्या बचाव पथकात होते. ही वाट त्यांनी उन्हात चालली होती, बर्फात चालली होती आणि एकदा बायकोशी भांडण झालं म्हणूनही चालली होती. द्राक्षवेलीच्या सावलीत त्यांनी स्वयंपाकघरातला वजनकाटा आणून ठेवला होता, शेजारी चेरीचं भांडं. नेव्हेना पाठपिशवीतली एकेक वस्तू काट्यावर ठेवत होती आणि काका चेरीच्या बिया कुंडीत थुंकत वजनं लिहून घेत होते.

"हे काय?" काकांनी विचारलं.

"पाणी. कोतेल गावाच्या पुढच्या कोरड्या पट्ट्यासाठी."

"तुझी नेहमीची बाटली तर मघाशीच मोजून झाली. हे वरचे दोन लिटर कसले? अगं, दांडी कापून तू चार ग्रॅम वाचवलेस नि आता पाठीवर घागर घेऊन धावणार? गाब्रोवोचं नाव बुडवशील!"

"तिथं पाणी नसतं, काका."

"नसायचं. आता आहे. कुणी बांधलं ते मी तुला सांगायला हवं?"

पिशवीची चेन नेव्हेनानं उघडली, लावली, पुन्हा उघडली.

गेल्या ऑक्टोबरात तिचा धाकटा भाऊ यासेन बुर्गासहून येताना ट्रकखाली गेला. तो डोंगरात गेला की त्या कोरड्या पट्ट्याला हमखास शिव्या घालायचा. म्हणून बापानं, गांचोनं, लांबच्या झऱ्यापासून स्वतः चर खणून पाइप आणला आणि बरोब्बर त्या पट्ट्यावर दगडी पाणपोई बांधली. मेलेल्या माणसासाठी पाणपोई बांधायची आणि वाटसरूनं तिथं पाणी पिऊन 'देव त्याला क्षमा करो' म्हणायचं, ही तिकडची रीतच. नेव्हेना अजून तिथं गेलेली नव्हती.

तिला काही वाटत नव्हतं, हीच खरी अडचण होती. दाढ काढताना इंजेक्शन दिल्यावर गाल कसा आपला नसल्यासारखा होतो, तशी ती आठ-नऊ महिने सगळीच होती. दफनाच्या दिवशी तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. आत्या आपसांत कुजबुजल्या, दगड आहे ही पोरगी. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणात तिनं उकडलेले गोड गहू सगळ्यांना वाढले. घेणारा प्रत्येक जण ते वाक्य म्हणत होता. ती तेवढी न म्हणता पुढच्या ताटाकडे सरकत होती. म्हटलं की मग तो गेलाच, असं तिच्या मनानं घेतलं होतं. त्यानंतर तिला जेवण चवदार लागलं नाही, कामात राम वाटेना. हवीशी वाटणारी गोष्ट एकच उरली होती, हा विक्रम. तोही गेला तर काय, याचा विचार ती करत नव्हती.

"सार्वजनिक पाणी नियमात बसतं," काका म्हणाले. "मग भीती कसली?"

"ऐन उन्हाळ्यात आटलं तर? मी अडकेन."

"असं म्हणतेस?" काकांनी सरळ फोन उचलला, नंबर लावला आणि आवाज मोठा केला. "गांचो! तुझी पाणपोई वाहते का रे? तुझी लेक म्हणते आटेल."

"आटेल?" पलीकडून गांचो कडाडला. "जन्मभर लोकांच्या घरी नळ बसवले मी. एक गळला नाही, एक सुकला नाही. मनगटाएवढी धार आहे म्हणावं!" मग त्यानं आवाज उतरवला. "आहे का ती तिथं?"

"आहे, बाबा."

"पोरी, एक विचारायचं राहिलंय. तिथला दगड अजून कोराच आहे. कोरणारा दोनदा आला नि मीच त्याला दोनदा परत धाडला."

"का? नाव घाल ना."

"नाव घालीन गं. खाली दोन सालं लागतात. पहिलं, जन्माचं, मी त्याला सांगितलं. दुसरं माझ्या तोंडून निघत नाही. तू सांगतेस?"

नेव्हेनानं काकांकडे पाहिलं. काका चेरीच्या भांड्यात पाहत होते.

"दोन हजार तेवीस," ती म्हणाली. फोन नंबर सांगावा तशा आवाजात म्हणाली.

"बरं," गांचो म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा एकदा "बरं" म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

काकांनी त्या दोन बाटल्या काट्यावरून उचलून जमिनीवर ठेवल्या. नेव्हेनानं त्या परत घेतल्या नाहीत.

"पण तिथं प्यायचं तर म्हणावंही लागेल," काका म्हणाले. "अंधारात बुटाची नाडी बांधायचा सराव करतेस. याचाही करून बघ."

"देव त्याला क्षमा करो," नेव्हेना म्हणाली. बसस्थानकावर गाडी सुटल्याची सूचना देतात, तितक्याच सपाटपणे.

"हे कुणालाही चालेल. नाव घेऊन म्हण."

"देव यासेनला—"

पुढचे शब्द आलेच नाहीत. तिनं पुन्हा सुरुवात केली, पुन्हा नावापाशीच अडली. आणि मग दुखलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, छातीच्या मधोमध, श्वास घेता येईना इतकं दुखलं. ती घाबरली. वजनकाट्याशेजारी टेबलावर तिनं कपाळ टेकलं आणि लहान पोरासारखी मोठ्यानं रडू लागली. शेजारच्या अंगणातली बाई डोकावली तेव्हा काकांनी हातानंच तिला आत जायला सांगितलं.

बऱ्याच वेळानं हुंदके कमी झाले. काकांनी कागद पुढं ओढला, नाकावर चष्मा चढवला. प्रत्येक पाण्याच्या जागेपुढं किती मिनिटं थांबायचं ते त्यांनी लिहिलेलं होतं, सगळीकडे अगदी हात आखडून. कोतेलच्या पुढं त्यांनी एक नवी ओळ घातली.

"यासेनच्या पाण्यापाशी किती वेळ धरू?" त्यांनी विचारलं. "नीट विचार करून सांग. तिथं रेंगाळलीस तर विक्रम हातचा जाईल."

नेव्हेनानं टेबलावरून मान उचलली नाही.

"लागेल तेवढा," ती म्हणाली.