आतल्या खिशातला कागद

लाँड्रीच्या मालकीणबाईंना सगळी आळी टरकून होती, आणि त्याचा त्यांना मनातून आनंदच होता. शाळा त्यांनी चौथीत सोडलेली. पण डाग कशाचा आहे हे त्या नुसतं नखाने खरवडून सांगायच्या, आणि गिऱ्हाइकाचं तोंड बघून तो कसा पडला हेही सांगायच्या. ते कुणी विचारलेलं नसलं तरी.

दुकानाची रीत त्यांच्या सासूबाईंनी घालून दिलेली. कपडा पाण्यात जायच्या आधी खिसे उलटे करायचे. जे निघेल, मग ते बटण असो की नुसती चिंधी, कागदी पाकिटात घालायचं. पाकीट परत देताना गिऱ्हाइकासमोर फोडायचं, एकेक वस्तू मोठ्याने सांगायची, त्याने "हो, माझी" म्हणायचं आणि पावतीवर सही करायची. एकदा एकाने अंगठी गेली म्हणून सासूबाईंना भर रस्त्यात चोर म्हटलं होतं. ती अंगठी पुढे त्याच्याच मोज्यात निघाली. तेव्हापासून ही रीत. आणि तिचं एक शेपूट: खिशातल्या कागदावरचं वाचायचं नाही. मालकीणबाईंना दोन ओळी वाचायला चहा निवेपर्यंत वेळ लागायचा, त्यामुळे हे शेपूट सांभाळणं त्यांना कधी जड गेलं नव्हतं.

त्यांचा थोरला लहानपणी ताटली हातात धरून घरभर पों-पों करत पळायचा, म्हणून घरात तो पोंप्या. सैन्यात चौदा वर्षं काढून तो परत आला तेव्हा आळीने त्याचा फौजी केला. तिथेही त्याने गाडीच चालवली होती, जखमी माणसं आणायची गाडी. त्याबद्दल तो फारसं बोलत नसे. आल्या दिवसापासून बायकोच्या शेजारी उभा राहून इस्त्री करायचा आणि काउंटर सांभाळायचा. चौदा वर्षांचं सगळं बोलणं त्याने जणू कॉलरच्या घडीत दाबून ठेवलं होतं.

काउंटरवर त्याचे हाल एकाच गोष्टीने व्हायचे. लोक आभार मानायचे.

त्यात सगळ्यात पुढे चष्मेवाली. तिच्या दोन चष्म्यांपैकी एक डोळ्यांवर आणि एक कायम केसांत. दर शनिवारी कपडे न्यायला यायची आणि हात छातीशी नेऊन म्हणायची, "भाऊ, तुमच्यामुळे आम्ही सुखाने झोपतो. तुमचे आभार मानावेत तेवढे थोडे!" पोंप्या कानापर्यंत लाल व्हायचा आणि तिला दुसऱ्याच कुणाच्या विजारी बांधून द्यायचा.

"आई, याला उलट काय म्हणायचं असतं गं?" त्याने एकदा विचारलं.

"म्हणायचं, झोप झाली असेल तर पावती काढा."

सून इस्त्रीवर वाकून हसली. पोंप्याही हसला, पण अर्धाच.

त्याला हवी होती गाडी. शाळेच्या गाडीचा म्हातारा ड्रायव्हर निवृत्त व्हायचा होता आणि पोंप्याने अर्ज केला होता. सोबत परवाना, वरिष्ठांची पत्रं, डोळ्यांची तपासणी, सगळं जोडलेलं. तीन आठवडे झाले, उत्तर नव्हतं. वर घराकडे जाणाऱ्या जिन्यात पाऊल वाजलं की, टपाल असेल म्हणून, त्याचा हात इस्त्रीवर थांबायचा, आणि मालकीणबाई ते न बघितल्यासारखं करून शर्ट मोजायच्या.

मग शाळेचं पत्र आलं. नोकरीचं नव्हे, समारंभाचं. माजी सैनिकांप्रती कृतज्ञता, रविवारी सकाळी, सभागृहात, सत्कारमूर्ती हाच. पोंप्याने ते दोनदा वाचलं. "उत्तर बहुतेक तिथेच देतील," तो बायकोला म्हणाला, आणि त्या दिवशी तो इस्त्री करताना शीळ घालत होता.

शुक्रवारी शाळेचा माणूस मुख्याध्यापकांचा कोट टाकून गेला. समारंभासाठी, तातडीने. त्या घाईत सुनेने बाहेरचे खिसे उलटे केले आणि आतला राहिला. वाफ लागल्यावर अस्तरातून कागदाचा वास आला तेव्हा तिने जीभ चावली. मालकीणबाईंनी चिमटीने ओढून काढलं तर एक रुमाल, पेनाचं टोपण आणि चौघडी घातलेला ओला कागद.

"आंधळी झालीस का? डोळे काय बटणाच्या डबीत ठेवलेस?"

"चुकलं, आई."

ओला कागद तसाच ठेवला तर त्याचा लगदा होतो. तो उलगडून इस्त्रीच्या गरम टेबलावर पसरायला लागतो. मालकीणबाईंनी पसरला. शाई फुटू नये म्हणून त्या डोळा ठेवून उभ्या राहिल्या आणि मधल्या ओळीत त्यांना 'सैनिक' हा शब्द दिसला. मग मात्र सासूबाईंची मनातल्या मनात माफी मागून त्यांनी अक्षरावर बोट टेकवलं.

*अर्जदार क्रमांक दोन, माजी सैनिक. गाडी उत्तम चालवतो, कागदपत्रे पूर्ण. पालकांची हरकत: सैन्यातून आलेला, डोके कधी फिरेल सांगता येत नाही, लहान मुलांत नको. नाकारावा. समारंभात सत्कारासाठी मात्र योग्य.*

त्यांनी शेवटची ओळ पुन्हा वाचली. या वेळी त्यांना अजिबात वेळ लागला नाही.

संध्याकाळी दुकान झाडून झाल्यावर त्यांनी पोंप्याला समोर बसवून सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि इस्त्रीची वायर गुंडाळायला घेतली. गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"मी रविवारी जात नाही," तो म्हणाला. "तू कोटाबरोबर पाकीट पाठवून दे. वाचलंस हे कुणाला बोलू नकोस."

"कोट गेला. त्यांचा माणूस धापा टाकत आला नि घेऊन पळाला. पाकीट ज्याचं त्याच्याच हातात द्यायचं असतं."

"मग सोमवारी दे."

"रविवारी भेटणार आहेत ना? रविवारी देईन."

पोंप्याने मान वर केली. आईचा हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. "आई, मला तमाशा नकोय."

"मलाही नको. मला गाडी हवीय, तुझ्यासाठी. ती न देता वर फुलं देतात, याला काय म्हणायचं? घरात घ्यायचं नाही आणि उंबऱ्यावर उभं करून ओवाळायचं! तुझं डोकं फिरेल म्हणे. इथे माझं फिरलंय ते कुणी लिहून ठेवलं नाही!"

"आणि एवढं करूनही नाही दिली तर?"

"तर निदान तोंडावर नाही म्हणतील. तीन आठवडे जिना ऐकत बसलायस तू. मला दिसत नाही असं वाटतं तुला?"

पोंप्याने वायर खुंटीला अडकवली. सुनेने हळूच त्याचा निळा शर्ट काढला आणि पाण्याचा फवारा मारून इस्त्रीला घेतला. जायचं की नाही, त्याचं उत्तर घरात तेवढ्याने झालं.

रविवारी सभागृह भरलं होतं. पंख्यांची घरघर, खुर्च्यांची किरकिर, पुढच्या रांगेत पालक. पहिल्याच खुर्चीत चष्मेवाली, एक चष्मा डोळ्यांवर आणि एक केसांत. मुख्याध्यापक माणूस वाईट नव्हता, नुसता भित्रा होता. स्वच्छ कोट घालून त्याने भाषण केलं. ऋण, त्याग, कृतज्ञता, न फिटणारे उपकार, शब्द सुटले ते थांबेचनात. पोंप्या व्यासपीठावर गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता आणि दाराकडे बघत होता.

फुलांचा गुच्छ त्याच्या हातात आला, टाळ्या सुरू झाल्या, आणि मालकीणबाई उठल्या. कुणी बोलावलं नव्हतं. पायऱ्या चढताना गुडघा कुरकुरला, त्यालाही त्यांनी मनातल्या मनात दटावलं. लोकांना वाटलं, आई आशीर्वाद द्यायला चालली. टाळ्या वाढल्या.

त्यांनी पिशवीतून पाकीट काढलं आणि पावतीपुस्तकही.

"सर, तुमच्या कोटाच्या खिशातलं राहिलं होतं."

"अहो, आत्ता? नंतर घेतो ना मी..." मुख्याध्यापक हसले. माईक त्यांच्या हातातच होता.

"आमच्या दुकानात नंतर नसतं. एकेक बघून 'माझं' म्हणा नि सही करा. मग तुमचे उपकार चालू द्या." लोक हसले. त्यांनी पाकीट फोडलं. "एक रुमाल."

"हो, माझा."

"एक पेनाचं टोपण."

"माझं, माझं."

"एक कागद. ओला झाला होता, सुनेची चूक. वाळवायला उलगडला नि मी वाचला, ती माझी चूक. माझ्या सासूबाई असत्या तर मला दुकानाबाहेर काढलं असतं. बघा, तुमचाच आहे ना?"

मुख्याध्यापकांनी घडी उघडली. त्यांचा चेहरा धुवून रंग गेलेल्या शर्टासारखा झाला.

"हा... हे जरा खासगी आहे."

"खासगी कसं? माझ्या पोराचं आहे त्यात. पण मी दुसऱ्याचा कागद चारचौघांत वाचून दाखवणार नाही. तेवढी मी घसरलेली नाही."

सभागृहात चुळबुळ सुरू झाली. मुख्याध्यापक कागद खिशात सरकवणार, तेवढ्यात पोंप्या उठला. फुलं त्याने खुर्चीवर ठेवली.

"वाचा, सर," तो म्हणाला. माईक नव्हता, पण ऐकू सगळ्यांना गेलं. "मी तीन आठवडे उत्तराची वाट बघतोय. चौदा वर्षं मी हुकूम ऐकले, हाही ऐकेन. फक्त तुमच्या तोंडून ऐकू द्या."

मुख्याध्यापकांनी वाचलं. सुरुवात माईकमध्ये झाली, शेवट जवळजवळ कोटातच. 'सत्कारासाठी मात्र योग्य' हे शब्द पहिल्या दोन रांगांच्या पलीकडे पोचलेच नसते, पण मालकीणबाईंनी शांतपणे माईकचं तोंड वर केलं.

पहिल्या खुर्चीतून चष्मेवाली उठली. तिचे हात छातीशी नव्हते, बाजूला लोंबत होते.

"हरकत माझी होती," ती म्हणाली. "माझा मुलगा त्या गाडीत असतो. ऐकीव गोष्टी असतात... मला भीती वाटली."

"आणि दर शनिवारी माझ्या काउंटरवर आभार मानत होतात ते?"

"तेही खरेच होते, मालकीणबाई. मनापासूनचे."

मालकीणबाईंच्या जिभेवर चांगलं धारदार काहीतरी आलं होतं. ते त्यांनी गिळलं, कारण बाई खरं बोलत होती आणि ते त्यांना कळलं.

"असतील खरे," त्या म्हणाल्या. "पण ते मानून तुम्ही मोकळ्या होता नि घरी जाता. हा तिथेच उभा राहतो, काउंटरच्या मागे. तुमची झोप त्याने सांभाळली म्हणता ना? मग मुलाला जागेपणी दोन रस्ते पलीकडे नेऊन सोडायला तो का चालत नाही? देवळातल्या मूर्तीसारखं याला लांबून हात जोडू नका. हा माणूस आहे. कामाला लावा. चुकला तर काढून टाका, मी भांडायला येणार नाही."

"येईल," पोंप्या म्हणाला. "नक्की येईल."

हशा पिकला, आणि त्या हशात त्याचे खांदे पहिल्यांदा खाली आले. तो चष्मेवालीकडे वळला.

"बाई, भीती वाटणं बरोबर आहे. मुलाची गाडी आहे. माझ्या गाडीत मागे माणसं झोपवलेली असायची, काहींच्या पोटाला टाके. चाक खड्ड्यात गेलं तर मागून आवाज यायचा. तो आवाज मला अजून ऐकू येतो. म्हणून मी खड्डा चुकवतो. शिकताना आमच्या शेजारी काठोकाठ भरलेला पेला धरून उस्ताद बसायचे. पाणी सांडलं की पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही बसा पेला घेऊन. सरांनाही आणा. मग हो म्हणा की नाही म्हणा, मी पुन्हा विचारणार नाही."

मुख्याध्यापकांनी चष्मेवालीकडे बघितलं. चष्मेवालीने मान हलवली.

"सोमवारी सकाळी," ते म्हणाले.

"आता सही करा," मालकीणबाई म्हणाल्या आणि पावतीपुस्तक पुढे केलं.

सोमवारी सकाळी शाळेची रिकामी गाडी लाँड्रीसमोरून निघाली. मुख्याध्यापक पुढच्या सीटवर, मांडीवर काठोकाठ पेला, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. मागे चष्मेवाली. आळी दारात उभी होती, काही लोक नुसते आभाळ बघायला आल्यासारखे.

"सर, विजार भिजली तर आणून टाका," मालकीणबाईंनी ओरडून सांगितलं. "फुकट धुवून देईन. खिसे मात्र रिकामे करून आणा!"

गाडी बाजाराच्या रस्त्याने गेली, जिथे खोदून ठेवलेलं होतं. मग चढावाने, मग वळणावळणाच्या उताराने. मालकीणबाई आत आल्या आणि त्यांनी एकच शर्ट तीनदा घडी केला. सुनेने तो हळूच त्यांच्या हातातून काढून घेतला. त्या काही बोलल्या नाहीत, हे आळीत कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

अर्ध्या तासाने इंजिनाचा आवाज आला. मुख्याध्यापक पेला दोन्ही हातांनी धरून उतरले. विजार कोरडी होती. कोटाच्या उजव्या बाहीवर मात्र चांगला तळहाताएवढा ओलावा होता.

"हे उतरताना सांडलं," ते घाईघाईने म्हणाले. "माझ्याच हातून. त्याची चूक नाही."

"लिहून द्याल?" मालकीणबाईंनी विचारलं.

"देतो. आजच देतो. नेमणुकीचं पत्रच देतो."

चष्मेवाली उतरून पोंप्याच्या खिडकीशी थांबली. सवयीने तिचे हात छातीशी निघाले, अर्ध्यावर अडखळले आणि तिने केसांतला चष्मा काढून उगाच पुसला.

"आमचा थांबा कोपऱ्यावरचा," ती म्हणाली. "सात चाळीस. तो रोज बूट शोधत बसतो. थांबू नका त्याच्यासाठी, खुशाल निघून जा. शिस्त लागेल."

"एक मिनिट थांबेन," पोंप्या म्हणाला. "मग निघेन."

या वेळी तो लाल झाला नाही. उलट काय बोलायचं हे त्याला कुणाला विचारावं लागलं नाही. त्याने हॉर्न वाजवला, लांब, आळीभर, पों-पों. आणि दुकानात मालकीणबाई सुनेवर खेकसल्या, "बघत काय उभी राहिलीस? त्या सरांचा कोट घे. आणि आतला खिसा बघ आधी!"