सिंगापूर ते बँकॉक, अडीच तास

सावली गावात वामनरावांचं कृषी केंद्र आहे. यंदा फवारणीच्या औषधाचा कोटा त्यांनी पुरा केला, म्हणून कंपनीनं त्यांना बँकॉकची सहल दिली. कोटा पुरा झाला तो गावच्या धानावर, तेव्हा गिऱ्हाइकं म्हणत, "भाऊ, इमानातली अर्धी सीट आमची हाय." वामनराव हसत आणि हसता हसता एक बाटली जास्तीची खपवत.

त्याच गिऱ्हाइकांतल्या आशाबाईंनी मात्र त्या सहलीत आपला हिशोब पाहिला. त्यांचा प्रफुल सिंगापूरला जहाजाच्या कारखान्यात वेल्डर. चार वर्षांत घरी आला नव्हता. विचारलं की म्हणायचा, लय दूर पडते. आशाबाईंनी पुतणीला, दिव्यानीला, मोबाइलवर पाहायला लावलं. सिंगापूरहून बँकॉक चौदाशे किलोमीटर, विमानाला अडीच तास. किलोमीटरचं त्यांना काही नव्हतं. डोळे दाखवायला त्या एसटीनं नागपूरला जात, त्यालाच चार तास लागत. म्हणजे पोराला बँकॉक नागपूरपेक्षा जवळ. हे त्यांनी हातपंपावर सांगितलं, गिरणीत सांगितलं. शेजारची चंचल म्हणाली, "मंग तं तो जेवाले घरी वापस जाईन."

बँकॉकला येऊन वामनरावांना भेटायला प्रफुलनं फोनवर हो म्हटलं. रविवारी सुट्टी होतीच. आशाबाईंनी डबा भरला, वरून फडकं शिवलं आणि वामनरावांच्या हवाली केला. आत काय आहे ते कोणालाच सांगितलं नाही. पोराला उघडल्यावरच कळावं.

रविवारी बाकीचे दुकानदार बोटीनं बेटावर गेले. वामनराव डबा मांडीवर घेऊन हॉटेलच्या सोफ्यावर बसले. दुपार टळली तेव्हा कुठं प्रफुलनं फोन उचलला. उद्या सकाळची शिफ्ट आहे, लय दूर पडते, असं म्हणाला. फोन ठेवता ठेवता म्हणाला, "काका, आईले भेटलो म्हणून सांगजा."

फुकटातला समुद्र गेला, याचंच वामनरावांना वाईट वाटत होतं. थापेचं काही नव्हतं. औषधाबरोबर ती रोजच विकली जायची. सावलीत परतल्यावर त्यांनी डबा दुकानात ठेवला आणि हात हलवत आशाबाईंकडे गेले.

पोरगा भेटला, तब्येतीनं बरा आहे, असं त्यांनी बसायच्या आधीच सांगून टाकलं.

आशाबाईंनी पाणी दिलं. "फोन आलता त्याचा," त्या म्हणाल्या. "लाडू लय आवडले म्हणे."

"आवडनारच. माह्यासमोरच दोन खाल्ले ना त्यानं."

आशाबाईंनी त्यांच्या हातातला पेला परत घेतला.

"लाखोळीच्या डाळीच्या वड्या होत्या, भाऊ, भाजीत टाकाच्या," त्या म्हणाल्या. "डबा पाठवून द्या. घरचा हाय."

डबा संध्याकाळी आला. शिवण जशीच्या तशी होती. आशाबाईंनी ती विळ्यानं उसवली आणि वड्या वांग्यात टाकल्या.

दुसऱ्या दिवशी गिरणीत चंचलनं विचारलं, ते बँकॉक का काय, किती दूर म्हणत होत्या तुम्ही?

"लय दूर पडते," आशाबाई म्हणाल्या, आणि दळण पुढं सरकवलं.