उजवी सुरी

माझ्या सासूबाई सुरी कानानं विकत घेत. ही थट्टा वाटेल, पण उल्हासनगरच्या कॅम्प तीनच्या बाजारात त्या काळी कुणालाही विचारलं असतं तरी हेच सांगितलं असतं. घिसाड्याच्या पालासमोर त्या उकिडव्या बसत, पातं दोन बोटांत लोंबतं धरत, नखानं टिचकी मारत आणि डोळे मिटून ऐकत. आवाज लवकर विझला की ते पातं खाली. आवाज लांबत राहिला की ते बाजूला. मग कापून बघायला पिशवीतून सुरणाचा गड्डा काढत. तोही घरून आणलेला, कारण दुसऱ्याच्या सुरणावर त्यांचा विश्वास नव्हता.

आम्ही बदलापूरजवळचे आगरी. माझे यजमान, जयदेव, अंबरनाथला कारखान्यात होते. सासूबाई, म्हणजे बाजारातल्या गोदूबाई, रोज भाजीच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून कॅम्प तीनला जात आणि कच्चा फणस, सुरण, कमळकाकडी कापून विकत. कमळकाकडीवर सिंधी बायकांचा फार जीव. ‘भी’ म्हणतात त्या तिला. पण तिच्या भोकांतला चिखल काढा, साल तासा, एकसारखे काप करा, हा उपद्व्याप कुणाला नको असे. तो गोदूबाई करत.

लग्न होऊन आल्यावर, शहाऐंशी साली, मी त्यांना पहिल्यांदा कापताना पाहिलं. पाटावर सुरीचा एकसुरी आवाज चालला होता आणि काप एकामागून एक आडवे होत होते. गोल, सारखे, भोकं अख्खी. एक काप उचलून मी उजेडाकडे धरला आणि भोकांतून समोरचं कापडाचं दुकान पाहिलं. देवळात गेल्यावर बोलणं आपोआप बंद होतं ना, तसं माझं झालं. हे मला यायला हवं, असं त्याच क्षणी वाटलं. आयुष्यात दुसऱ्या कशासाठी मी इतकी हावरट झाले नाही.

माझी वेळही आली, पण वाईट कारणानं. सासूबाईंच्या उजव्या हाताचा अंगठा आखडायला लागला. बाजारातली जागा बसेल त्याची असते, चार दिवस रिकामी दिसली की गेली. शेजारी पालेभाजीवाली चांगुणा टपून होतीच. तिला बहिणीसाठी ती जागा हवी होती. एक दिवस सगळ्यांसमोर सासूबाईंनी सांगून टाकलं, की फणसाचा हंगाम सरेपर्यंत सुनेला कापणं जमलं तर जागा सुनेची, नाहीतर चांगुणाच्या बहिणीची. त्या बोलल्या की बदलत नसत.

आणि मी डावखुरी.

शाळेत बाईंनी मारून मारून उजव्या हातानं लिहायला लावलं, ते जमलं. कापणं मात्र डाव्या हाताकडेच राहिलं. पहिल्याच सकाळी मी डाव्या हातानं सुरण कापला आणि त्याच हातानं पुडी पुढे केली. बोहनीचं गिऱ्हाईक, चांगली जाडजूड सिंधी बाई, माझ्या हाताकडे बघतच राहिली. मग पुडी न घेता पुढे गेली. चांगुणानं पदर तोंडाला लावला. सासूबाईंनी सुरी उचलून पाटाच्या उजव्या बाजूला ठेवली. धारेची वस्तू आमच्यात हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणून. खाली ठेवायची आणि समोरच्यानं उचलायची. त्या दिवसापासून रोज सकाळी सुरी पाटाच्या उजवीकडे असे आणि मी मुकाट्यानं उजव्या हातानं उचले.

उजव्या हातानं माझी त्रेधा उडे. काप म्हणजे नुसते तुकडे, बोटांना चिंध्या. पण खरं दुःख वेगळंच होतं. घरी कुणी नसताना मी तीच सुरी डाव्या हातात घेऊन बघितली होती. हात सरसर चालला, भीती नावाला नाही, आणि तरीही काप वर जाड, खाली पातळ. सुरी मधेच वाट सोडून बाहेर पळे. मी पुन्हा पुन्हा केलं, तेच. मग मात्र मी मोरीत जाऊन रडले. उजव्याला येत नाही हे समजू शकते, पण डाव्यालाही येत नाही म्हणजे मुळातच माझ्यात खोट, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

जयदेवना माझी दया आली. त्यांनी कॅम्पातल्या दुकानातून एक चकचकीत सुरी आणली, खोक्यात मखमल, पात्यावर इंग्रजी अक्षरं. सासूबाईंनी तिला टिचकी मारली आणि परत खोक्यात झोपवली. दुसऱ्या दिवशी मी हट्टानं ती फणसात घातली. ती वाकली आणि वाकलेलीच राहिली. पुढे कित्येक वर्षं ती आमच्याकडे पाकिटं फोडायला होती.

जुनी सुरीही झिजून बोटाएवढी झाली होती. म्हणून उन्हं तापायच्या आत सासूबाई मला घेऊन अंबरनाथ-बदलापूर रस्त्यावर निघाल्या. तिथे दरसाल घिसाड्यांची पालं पडत. भाता चालू होता. आनंदा घिसाडी सांडशीत ट्रकच्या कमानपाट्याचा, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगचा, लाल तुकडा धरून बसला होता आणि त्याची बायको विठा उभी राहून घण घालत होती. एवढीशी बाई. घण डोक्यावर जाई तेव्हा ती टाचांवर उचलली जाई आणि खाली येई तेव्हा सगळी त्या लोखंडात उतरे. ज्या पाट्यानं वर्षानुवर्षं वाळूचे ट्रक तोलले, तो तिच्या घणाखाली पसरत चालला होता. माझ्या पायांखालची जमीन प्रत्येक घावाला हलत होती आणि मला तिथून हलावंसं वाटत नव्हतं.

पोत्यावर तयार सुऱ्या मांडल्या होत्या. सासूबाई बसल्या. टिचकी, कान, खाली. टिचकी, कान, बाजूला. त्यांचा आखडलेला अंगठा मधेच दगा देई, म्हणून एक पातं मीच उचललं. लोंबतं धरलं, टिचकी मारली. आवाज असा लांबला, की भात्याच्या घरघरीतही तो मला कुठवर गेला ते कळलं. मी डोळे उघडले तर सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. पातं माझ्या डाव्या हातात होतं.

मला वाटलं आता बोलणी बसणार. त्यांनी सुरणाचा गड्डा पुढे सरकवला आणि हनुवटीनंच कापायची खूण केली. मी हात बदलायला गेले तर मान हलवून नाही म्हणाल्या. मी डाव्यानं कापलं. वर जाड, खाली पातळ. मान खाली घालून मी वाट बघत बसले. जागा गेली हे मला स्पष्ट दिसत होतं.

सासूबाईंनी तो वाकडा काप उचलला. पात्याला लावून बघितला. पातं उलटं करून पुन्हा लावला. आमच्याकडच्या सुऱ्या एका अंगानं सपाट असतात आणि दुसऱ्या अंगानं उतार घासून धार काढतात, हे मी रोज बघत होते आणि कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी एक गोष्ट केली. सुरी स्वतःच्या डाव्या हातात घेतली. सगळा जन्म ज्यांच्या हातून एक काप वाकडा पडला नाही, त्या गोदूबाई रस्त्याच्या कडेला, घिसाड्याच्या देखत, डाव्या हातानं सुरण कापायला लागल्या. काप पडला. वर जाड, खाली पातळ. दुसरा पडला. तोही तसाच.

विठाचा घण थांबला होता. सासूबाईंनी माझा काप आणि त्यांचा काप एकावर एक ठेवला. ते तंतोतंत जुळले. कितीतरी वेळ त्या ते दोन काप बघत राहिल्या, आणि त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी त्याआधी तिथे कधी पाहिलं नव्हतं. त्या चकित झाल्या होत्या.

“पोरी,” त्या म्हणाल्या, “तुझा हात डावा नाय. सुरी उजवी हाय.”

माझी खोट म्हणून जे मी उशीशी घेऊन झोपत होते, ते त्या पात्याच्या एका अंगावर घासलेलं होतं.

आनंदाला त्यांनी उतार दुसऱ्या अंगानं काढायला सांगितला. तो कुरकुरला. असली उलटी सुरी कुणी मागत नाही, बनवली आणि पसंत पडली नाही तर त्याच्या गळ्यात पडणार, म्हणून आवाज ऐकायच्या आधीच शब्द द्या, असं त्याचं म्हणणं. आयुष्यभर टिचकी मारल्याशिवाय पातं न घेतलेल्या बाईनं लगेच शब्द दिला.

आम्ही तिथेच बसून राहिलो. पातं घडलं, उतार घासला गेला, पुन्हा भट्टीत जाऊन लाल झालं आणि आनंदानं ते घमेल्यात बुडवलं. वाफेचा लोट उठला. सासूबाई पुटपुटल्या, “आता पानी चढल.” पात्याला पाणी दिलं की ते कठीण होतं, हे मला ऐकून माहीत होतं. डोळ्यांनी बघत होते ते पहिल्यांदाच. वाफ विरल्यावर काळंभोर पातं वर आलं आणि कडेनं पिवळसर झाक सरकत गेली. मूठ बसली. टिचकी मारायला सासूबाईंनी सुरी माझ्यापुढे खाली ठेवली. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

दुसऱ्या दिवशी बाजारात बोहनीलाच तीच जाडजूड बाई आली. सासूबाईंनी मला एवढंच सांगितलं, “काप डाव्या हातान. दे उजव्या हातान.” मी सुरी कमळकाकडीवर टेकवली. ती सरळ गेली. कशाला हात म्हणतात आणि कशाला सुरी, हे मला काही वेळ वेगळं सांगता आलं नसतं. काप पडत गेले, गोल, सारखे, भोकं अख्खी. बाईनं एक उचलून उजेडाकडे धरला. मी उजव्या हातानं पुडी दिली आणि तिनं ती घेतली.

चांगुणानं नंतर एकदा माझी सुरी मागून नेली. तिचे काप वाकडे पडले. सुरीत करणी आहे म्हणत तिनं ती परत आणून टाकली. सासूबाई आणि मी पोट धरून हसलो.

हंगाम सरला त्या दिवशी सासूबाई टेम्पोतून उतरल्या आणि नेहमीच्या गोणपाटावर बसल्याच नाहीत. पाण्याची बादली जिथे असायची तिथे, बाजूला बसल्या. मी उभीच होते. माझ्याकडे न बघता त्यांनी पिशवीतून सुरी काढली, पदरानं पुसली आणि पाटाच्या डाव्या बाजूला ठेवली.